तिचं अंग, तिचा हात

सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर इंद्रायणीचे तांदूळ निवडत बसले होते. फोन रंजनाने घेतला, माझ्या सुनेने. पलीकडून सिस्टरचा भाचा बोलत होता, यवतमाळकडून. रंजना बराच वेळ नुसती हं हं करत राहिली, मग फोन छातीशी धरून मला म्हणाली, "आत्या, सिस्टर गेल्या. आज सकाळी." मी विचारलं, "चा झाला व्हता का तिचा?" रंजनाने तेच भाच्याला विचारलं. तो पोरगा जरा गोंधळला असावा, पण त्याने सांगितलं, हो, झाला होता, कप स्वतः विसळून पालथा घातला, खुर्चीत बसल्या, नि बसल्या त्या बसल्याच. "मग बरं झालं," मी म्हटलं नि सुपातले तांदूळ पुढे ओढले. शेजारणीला हे फार कठोर वाटलं. वाटू दे. सुलोचना सिस्टरला सकाळच्या चहाआधी कुणी हाक मारलेली चालत नसे, मग तो यम का असेना. त्याने तेवढं थांबून घेतलं, यात मला समाधान आहे.

त्याला आता दीड महिना होईल. रडायचं ते रंजना रडली. मला रडू फारसं येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सिस्टर आमच्या लवळ्याला आली नऊ वर्षांपूर्वी. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या आजारांच्या वॉर्डात, तिची सारी नोकरी गेली होती. तिथून निवृत्त झाली नि डोंगरावरच्या कॉलेजात पोरांच्या वसतिगृहाला जो छोटा दवाखाना आहे, तिथं लागली. आम्ही तेव्हा नुकत्याच वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. खाली माझा मुलगा दत्ता नि रंजना पोरांची खानावळ चालवतात. लोक खोली बघायला येतात तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, वायफाय विचारतात. ही बाई आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली नि मला म्हणाली, "हात दाखवा." मला वाटलं ज्योतिष सांगते की काय. तर तिनं माझा तळहात उलटा-पालटा केला, बोटांच्या बेचक्यांत बघितलं नि विचारलं, "भांडी कोणत्या साबणानं घासता?" मी सांगितलं. "तो बदला," म्हणाली, "खोली घेते." त्यावेळी मला राग आला. साबण मात्र बदलला, नि बोटांच्या चिरा भरून आल्या.

बोलायला तिखट नि खायलाही तिखट. आमच्या मावळातल्या आमटीला ती पाणी म्हणायची. स्वतःच्या ठेच्याची बरणी घेऊन खानावळीत यायची नि पोरांच्या ताटांत न विचारता वाढायची. बोलणं शहरी, पण मध्येच 'काहून' नि 'हाव' निघायचं. मी म्हणायचे, "काहून काहून काय करतीस, का म्हण की." ती म्हणायची, "तुम्ही 'हाय हाय' करता ते चालतं का? ऐकणाऱ्याला वाटते घरात कुणी गेलं." वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, लग्न केलेलं नाही, भावाच्या पोरांची शिक्षणं केलेली. एकटी होती, पण बिचारी कधी दिसली नाही. संध्याकाळी डोंगरावरून चालत उतरायची, रिक्षावाला पोरगा थांबला तर त्याच्या गालावरची पुटकुळी बघून दोन शब्द सुनवायची नि परत चालायला लागायची. आमच्या आळीत तिला कुणी तोंड दाखवायला घाबरत नसे, पण गोळ्या दाखवायला सगळे घाबरत.

कारण तिला आमच्या एका गोष्टीचा फार संताप होता. आमच्याकडे गोळ्या वाटून खातात. म्हणजे एकीला डॉक्टरने गुडघ्याला गोळी दिली, तिला गुण आला, की ती शेजारणीला देते, शेजारीण जावेला देते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. विरजण मागावं तशी गोळी मागतात. माझा तर त्यात हात मोकळा. मला युरिक ॲसिडचा त्रास आहे, पायाचा अंगठा सुजायचा, त्याची गोळी रोज एक, कायमची. गल्लीत कुणाचा पाय दुखला की मी माझ्या पाकिटातली दोन कापून देत असे. सिस्टरने दोनदा बघितलं. म्हणाली, "आक्का, प्रसाद वाटता का? प्रसाद सगळ्यांना पचतो, गोळी पचत नाही." मी म्हटलं, "मला पचतीया की." ती म्हणाली, "तुमचं अंग म्हणजे गाव नाही." मी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

ती येऊन दोन वर्षं झाली असतील. रंजनाची टाच दुखायला लागली. खानावळीचं काम, दिवसभर उभं राहणं, दुसरं काय. मी तिला म्हटलं, माझी गोळी घे, पायाचीच आहे. ती नको म्हणत होती. मी सासू, मी रोज सकाळी चहाबरोबर तिच्या हातावर ठेवत गेले. तीन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर चट्टे उठले. दत्ताने मेडिकलमधून तापाची गोळी आणली. सिस्टर नेमकी भाचीच्या लग्नाला गावी गेलेली. दुसऱ्या दिवशी चट्ट्यांवर फोड आले, नि मी निदान करून मोकळी झाले. म्हटलं, देवी आल्यात. कांजिण्यांना आम्ही देवीच म्हणतो. मग त्याचं जे करतात ते सगळं केलं... दाराला लिंबाचा डहाळा, अंथरुणावर लिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, दवाखाना बंद. नि सकाळी चहाबरोबर पायाची गोळी चालू. देवीला तापाच्या औषधाचा राग येतो, असं आमच्यात मानतात. पायाच्या गोळीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर परत आली. बॅग खांद्यावर तशीच, रंजनाला बघायला आत आली. तिनं डहाळा बघितला, पाला बघितला, नि पहिल्यांदा मी तिला चहा न मागता कामाला लागलेली बघितली. रंजनाचे ओठ सुजून त्यावर काळी खपली धरली होती, डोळे चिकटले होते. सिस्टरने बॅटरी लावून तोंडात बघितलं. आतून सगळं सोललेलं. मग खांद्याजवळ, जिथं नुसतं लाल होतं, फोड नव्हता, तिथं अंगठ्याने जरासं दाबून सरकवलं. दुधावरची साय सरकते तसं कातडं सरकलं. तिनं एकदाच केलं. म्हणाली, "आता इथं कुणी हात लावायचा नाही." मग बाहेर येऊन आधी अँब्युलन्सला फोन केला. ती पिरंगुटहून निघाली, यायला अर्धा तास.

त्या अर्ध्या तासावर हा सगळा लेख आहे.

सिस्टरने दत्ताला विचारलं, औषध कोणतं चालू होतं. दत्ता म्हणाला, तापाची गोळी, ती बी दोनच. ताप नि चट्टे कधी सुरू झाले विचारलं, त्याने सांगितलं. "चट्टे उठायच्या आधी? महिन्याभरात काही नवीन?" दत्ताला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, सकाळी तो भाजी आणायला मंडईत असतो. रंजनाला माहीत होतं, पण तिला बोलता येत नव्हतं. तिनं एक डोळा कसाबसा उघडला नि माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरनेही माझ्याकडे बघितलं. "घरातल्या गोळ्या आणा," म्हणाली, नि मी हाताला लागल्या त्या आणून तिच्यापुढं ठेवल्या. मी म्हटलं, "आणिक कायबी न्हाई."

का म्हटलं? भ्याले म्हणून. मुलगा समोर उभा होता. मला वाटलं, आता हे माझ्या नावावर लागणार. सुनेच्या जिवापुढे मला माझं नाव दिसलं, एवढंच. यात नटवण्यासारखं काही नाही.

सिस्टरने परत विचारलं नाही. ती म्हणाली, "आक्का, तुम्ही मोजा. मला फोनवर आकडा सांगायचा आहे." तिच्या जुन्या वॉर्डात ती कळवणार होती, म्हणजे तिथले डॉक्टर रंजनाला कुठं ठेवायचं, कातडीच्या वॉर्डात की भाजलेल्यांच्या खोलीत, ते आधीच ठरवतील. तिनं मला चटदिशी समजावलं. माणसाचा एक तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा शंभरावा हिस्सा. जिथं कातडं सुटलंय, फोड धरलाय किंवा सुटायला आलंय, तेवढंच मोजायचं. नुसतं लाल आहे ते सोडायचं. दहा हातांच्या आत असेल तर एक गोष्ट, दहाच्या वर गेलं तर धोका वाढला, तिसाच्या वर गेलं तर फारच वाढला. ती स्वच्छ चादर धरून उभी राहिली, पाल्याचं एक एक पान पाण्याने भिजवून सोडवत गेली. मी माझा हात अंगापासून वर, न टेकवता धरला नि मोजत गेले. छाती, पोट, दंड. मग दोघींनी चादरीसकट तिला कुशीवर केलं, पाठ. माझे सात झाले. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "सातच हायेत."

सिस्टर म्हणाली, "हात कुणाचा?"

"माझा की."

"अंग कुणाचं?"

माझा हात म्हणजे सूप आहे. भात लावून, दगड उचलून पंजा रुंद झालेला. रंजना अंगाने चिमणीएवढी, तिच्या बांगड्या माझ्या अंगठ्यालाही येणार नाहीत. "तिचं अंग, तिचा हात," सिस्टर म्हणाली. "दुसऱ्याच्या हातानं मोजलं की दुखणं लहान दिसतं." पण रंजनाचे दोन्ही तळवे फोडांनी फुगले होते, त्यांचं माप धरण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मला दाराजवळची भिंत आठवली. घराची वास्तुशांत झाली तेव्हा रंजनाने चौकटीशेजारी हळदीकुंकवाचा हात उमटवला होता. मी जुनं वर्तमानपत्र घेतलं, भिंतीला लावलं, ठशाच्या कडेने पेन्सिल फिरवली नि कात्रीने कापलं. एवढासा हात. माझ्या पंजावर ठेवला तर चहूबाजूंनी माझंच मांस दिसत होतं.

मग परत सुरुवात केली. कागदाचा हात सिस्टरने धरला, वरच्या वर, नि मी मोजलं. छातीवर तीन. पोटावर दोन. डाव्या दंडावर एक, उजव्यावर एक. तेव्हाच सात झाले, नि पाठ राहिली होती. कागद सरकवायची नि थांबायची, मी आकडा म्हणेपर्यंत. आठ. नऊ. दहा. दहाला मी थांबले. वाटलं इथं संपावं... पण तिनं कागद खाली सरकवला, कमरेजवळ, नि तिथंही कातडं सुटलेलं होतं.

"अकरा," मी म्हटलं. "आन् माझ्या युरिक ॲसिडच्या गोळ्या दिल्यात मी तिला. तीन आठवडं. आज सकाळीबी एक दिली."

सिस्टरचा हात हलला नाही. "बारा आहे का बघा," म्हणाली.

बारावा होता. पुढं नव्हता. मग तिनं मला पाकीट आणायला सांगितलं, नि तिथंच उभं राहून वॉर्डात फोन लावला. वय अडतीस, नाडी एकशे दहा, तोंड नि डोळे धरलेत, बारा टक्के कातडं सुटलंय. गोळीचं नाव वाचलं. "तीन आठवडे घेतली. शेवटची आज सकाळी," म्हणाली. कुणी दिली ते तिनं सांगितलं नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. दत्ता माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, बघतोस काय, चादरीचं टोक धर. गाडी आली होती.

दवाखान्यात बाकावर बसल्यावर मी सिस्टरला विचारलं, बारा म्हणजे जगंल का. ती खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, नुसत्या कातड्यावर ठरत नाही, सात प्रश्न असतात. वय चाळीसच्या वर आहे का, कॅन्सर आहे का, नाडी एकशेवीसच्या वर आहे का, कातडं दहा हातांहून जास्त गेलंय का. हे चार बघून, विचारून, घड्याळ लावून कळतात. उरलेले तीन रक्त सांगतं, त्यात साखर आहे, मूत्रपिंडाचं आहे, आणखी एक काहीतरी आहे जे मला तेव्हाही कळलं नाही. ज्याचं उत्तर 'हो', त्याचा एक मार्क. जितके मार्क जास्त, तितकं अवघड. "कमी मार्क पडले की पास, अशी ही एकच परीक्षा," ती म्हणाली. मी चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर परीक्षा म्हणून अशी ही पहिलीच. संध्याकाळी रक्ताचे कागद आले. दोन मार्क पडले. एक त्या हातांचा, एक रक्तातला. सिस्टरने श्वास सोडला. म्हणाली, "दोन म्हणजे भीती आहे, पण आशा जास्त आहे. दोन दिवसांनी परत विचारतील."

त्या वॉर्डात अंगाला चादर चिकटू नये म्हणून केळीच्या पानांवर झोपवतात. पान गार असतं, कातड्याला धरत नाही. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर केळीचं बन माजलेलं. मी रोज सकाळी कोवळी, न फाटलेली पानं कापायचे, ओल्या धोतरात गुंडाळायचे नि बसने जायचे. तिथं ती वाफेवर शुद्ध करून घेत. बसमध्ये बायका विचारायच्या, कुणाचं जेवण आहे आज? मी म्हणायचे, सुनेचं. खोटंही नव्हतं, कारण तिला नळीने का होईना पोटात जात होतं. सिस्टर दुपारी कॉलेजातून सुटून येई. डॉक्टर मोजत तेव्हा ती तो कागदाचा हात पुढे करी. तरुण डॉक्टर हसले एकदा, मग त्यांनीही तोच वापरला. तिसऱ्या दिवशी परत सात प्रश्न झाले. परत दोनच. कातडं तेरा हातांवर गेलं नि तिथं थांबलं. त्यानंतर बारा, नऊ, पाच... मी घरी येऊन दत्ताला आकडा सांगायचे. घरात दुसरं बोलणं नव्हतं. माझ्याशी तो महिनाभर तेवढंच बोलला.

रंजना चोवीस दिवसांनी घरी आली. नवं कातडं आलं होतं, गुलाबी नि पांढरं, गव्हाच्या पिठात तांदळाचं पीठ सांडावं तसं. ते डाग पुढं बरेच गेले. डोळे मात्र कोरडे राहिले, त्यात दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. बाकी बाई पूर्वीसारखी, टाच धरून उभी. टाचेला एक मऊ चप्पल लागत होती. एवढंच औषध होतं तिचं.

मग सिस्टरने आमच्या घरात राज्य केलं. तिनं पुण्यात जाऊन स्टीलच्या तीन डब्या घेतल्या. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी नावं घालून घेतली. एकीवर आक्का, एकीवर रंजना, एकीवर दत्ता. ज्याच्या गोळ्या त्याच्या डबीत, दुसऱ्याने झाकण उघडायचं नाही. रंजनाच्या डबीच्या झाकणावर आतून तिनं त्या गोळीचं नाव कोरून घेतलं, म्हणजे डबी उघडली की रोज डोळ्यांसमोर. भांडीवाल्याला ते लांबलचक इंग्रजी नाव वाचता येईना. त्याने विचारलं, हे कुणाचं नाव बाई, जावयाचं का? सिस्टर म्हणाली, "नाही, वैऱ्याचं. नीट खोल घाल, पुसलं नाही पाहिजे." रंजनाला तिनं ते नाव पाठ करायला लावलं, पाढा म्हणतात तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ती गोळी वाईट नाही. मला ती आजही लागते नि तिने माझा अंगठा शाबूत ठेवलाय. उगाच कुणी वाचून आपली सोडून द्यायचा.

आणखी एक नियम तिनं केला, नि तो मला आवडला नव्हता. माझी गोळी मला रंजनाने द्यायची. मी म्हटलं, मला काय हात न्हाईत? सिस्टर म्हणाली, "आहेत. फार मोकळे आहेत." तेव्हापासून रोज सकाळी रंजना चहा घेऊन येते, माझी डबी उघडते, गोळीला स्वतःचं बोट न लावता माझ्या तळहातावर पाडते नि झाकण लावते. एक शब्द न बोलता. सात वर्षं झाली. पहिलं वर्षभर मला ती शिक्षा वाटली. नंतर सवय झाली. गल्लीतल्या बायका अजून मागतात, आक्का, दे की एक. मी सांगते, डबी सुनेच्या ताब्यात हाय.

दीड वर्षापूर्वी सिस्टरने कॉलेजचं काम सोडलं. गुडघे डोंगर चढेनात. भावाकडे जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती नि मी ओसरीवर बसलो होतो. सामान म्हणजे दोन बॅगा नि ठेच्याची बरणी. मी तिला मनात होतं ते विचारलं. "तुला त्या दिवशी ठावं व्हतं ना, मी खोटं बोलतुया ते?"

"हाव," ती म्हणाली. "गोळ्या आणा म्हटलं तेव्हा तुम्ही सगळ्या आणल्या, तुमचं पाकीट सोडून."

"मंग परत इचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर तुम्ही परत नाही म्हणाला असता. एकदा परत नाही म्हटलं की माणसाला मागं येता येत नाही." ती चहा फुंकत होती. "मोजायला लावलं, कारण मोजताना माणूस खोटं फार वेळ धरू शकत नाही. मी कागद बघत नव्हते, आक्का. तुमचं तोंड बघत होते."

"आन् मी बोलले नसते तर?"

"बाराला मीच पाकीट काढणार होते. फडताळात होतं, मला दिसत होतं."

मला हसू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी सांगितलं म्हणून ती वाचली. तिला ते असंही कळणारच होतं. तिनं फक्त मला एका हाताची सवलत दिली होती. मग ती म्हणाली, "रंजनाशी बोलला का कधी यावर?" मी म्हटलं, काय बोलायचं, ती तिथंच होती, सगळं ऐकत होती. "तरी," ती म्हणाली. एवढंच. नि ठेच्याची बरणी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, ही ठेवून घ्या, तिकडे मिरची मुबलक आहे.

ती गेली. फोन होत असत. शेवटचा फोन झाला तेव्हा तिनं मला विचारलं, भांडी कोणत्या साबणानं घासता. मी म्हटलं, तूच सांगितलेल्या. "मग ठीक," म्हणाली. शेवटचं बोलणं हे असं. माझी काही तक्रार नाही. तिला जे करायचं होतं ते तिनं केलं, तिखट खाल्लं, भाचे मार्गी लावले, आमच्या घरात एक बाई चालती-बोलती ठेवून गेली. याहून जास्त कुणाचं काय असतं.

ती वारल्याचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची गोष्ट सांगून संपवते. रंजना चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, रडून. त्या कोरड्या डोळ्यांत पाणी कुठून आलं कुणास ठाऊक. दारात उजेड होता, चौकटीशेजारी तिचा तो कुंकवाचा हात दिसत होता. दिवाळीला दोनदा रंग झाला घराला, पण तेवढा चौकोन आम्ही रंगवू दिला नाही. कडेला अजून माझ्या पेन्सिलीची रेघ आहे. तिनं डबी उघडली. मी हात पुढे केला, पण मूठ मिटूनच ठेवली.

मी म्हटलं, "रंजे, त्या दिशी मी गप बसले व्हते."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी एका डोळ्याने बघितलं होतं तसं, पण आता दोन्ही उघडे.

"अकरापातुरच," ती म्हणाली. "हात उघडा आत्या, चा निवतोय."

मी हात उघडला.